काचेच्या पेटीतले पाणी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहबाई मागे एकदा माझ्या घरी आल्या, तेव्हा मी ओट्यावर पाण्याच्या चार लहान बाटल्या ओळीने मांडून त्यांच्याकडे टक लावून बसले होते. "हे कोणते नवे व्रत?" असे त्यांनी हसून विचारले. मी म्हटले, "माशांचे." मग त्यांना सारी हकिगत सांगितली. ती ऐकून त्या म्हणाल्या, "हे मंडळात सांगितलेच पाहिजे." म्हणून आज मी उभी आहे. मी काही शास्त्र शिकलेली बाई नव्हे. जे चुकले, जे कळले आणि जे सुधारले, तेवढेच सांगणार आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माझ्या नातवासाठी त्याच्या मामाने छत्रपती संभाजीनगरहून माशांची काचेची पेटी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. तीत पन्नास लिटरांच्या आसपास पाणी मावते. बरोबर आठ सोनेरी मासे, ज्यांना दुकानात गोल्डफिश म्हणतात ते. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून अंगणातल्या बोअरचे पाणी भरले, हवेचा पंप लावला, आणि घरात मोठे कौतुक सुरू झाले.

आता खरे ते सांगते. बाहेर थोडी कुजबूजही सुरू झाली. "लोकांना प्यायला पाणी नाही, आणि ह्यांच्या घरी मासे पोहतात!" हे शब्द माझ्या कानांवर आले. मला राग आला नाही. 1972 च्या दुष्काळात मी लहान होते. आईबरोबर घागर घेऊन ओळीत उभे राहिलेले मला आठवते. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर आपण सर्वांनी पाहिले. अशा मुलखात पाण्याचा हिशोब विचारणारी शेजारीण चुकीचे बोलत नाही. तो हिशोब मी शेवटी देणारच आहे.

पहिले आठ-दहा दिवस सुखात गेले. नातू शाळेतून आला की पेटीपुढे बसे. येणारा जाणारा प्रत्येकजण माशांना काहीतरी घाली. कोणी पावाचा चुरा, कोणी भाताची शिते, कोणी बिस्किट. पाहुण्याला उपाशी ठेवायचे नाही ही आपली रीत! मग पाणी दुधासारखे गढूळ दिसू लागले. मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. आम्हांला वाटले, भूक लागली असेल. म्हणून आणखी खायला घातले. तिसऱ्या आठवड्यात पाच दिवसांत पाच मासे गेले. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले मासेच रोगट दिले असतील.

मी पदर खोचला. घाण झाली की घासायचे, हे आपण बायका जन्मभर करीत आलो. उरलेले तीन मासे बादलीत काढले. पेटी साबणाने लखलखीत धुतली, खडे उन्हात वाळवले, फिल्टरचा स्पंज साबणाच्या फेसात पिळून काढला. योगायोगाने त्या दिवशी नळाला पाणी आले होते. ते ताजे पाणी तसेच पेटीत ओतले. पाणी असे निर्मळ दिसत होते की पेटी रिकामी आहे की काय असे वाटावे. संध्याकाळपर्यंत आणखी दोन मासे गेले. एकच उरला, शेपटीवर पांढरा ठिपका असलेला.

रात्री नातवाने मला विचारले, "आजी, तू पाणी बदललेस म्हणून ते मेले का?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण झोप लागली नाही. मुलाने सरळ प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर ठाऊक नव्हते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त विज्ञान-शिक्षिका राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही घाण काढली नाही. घाण काढणाऱ्यांना काढले." मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते.

मासा ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात मलमूत्र टाकतो. त्याच्या कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर पडतो, आणि उरलेली शिते कुजून आणखी अमोनिया होतो. हा अमोनिया माशांना विषासारखा असतो. नदी-तळ्यात तो फार साचत नाही, कारण पाणी पुष्कळ असते आणि तेथे डोळ्यांना न दिसणारे जंतू राबत असतात. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असेल तर मासा सहन करतो, आणि झाडाला तर ते खतच.

हे जंतू जिवंत असतात, हे 1877 साली श्लोझिंग आणि म्युंत्स ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यांनी वाळूच्या थरातून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. काही दिवसांनी पलीकडे अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागले. मग वाळूवर क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर ते काम बंद पडले. पुढे ताज्या मातीचे पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झाले. मी साबणाने नेमके तेच केले होते. हे जंतू फिल्टरच्या स्पंजात, खड्यांवर आणि काचेवर वस्ती करून असतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती जमण्याआधीच आठ मासे सोडले, वर पंगत वाढली; आणि जी काही थोडी वस्ती जमली होती ती मी घासून टाकली. शिवाय नळाच्या पाण्यात रोगजंतू मारण्यासाठी क्लोरिन असते. आपल्यासाठी ते हवेच. पण ताज्या पाण्यातले क्लोरिन माशाचे कल्ले भाजून काढते आणि त्या उपयोगी जंतूंनाही मारते.

म्हणजे नातवाच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेच होते. मी घरी येऊन त्याला ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आता ह्याला वाचवू या."

आम्ही काय केले ते ऐका, कारण ते कोणालाही करता येईल. खाणे दोन दिवस बंद ठेवले. मासा तेवढ्याने मरत नाही. मोठ्या तोंडाच्या पातेल्यात नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरले. पसरट भांड्यात क्लोरिन उडून जाते, आणि अधूनमधून ढवळले तर लवकर जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरिन मारणारे थेंब मिळतात. पुष्कळदा ते सोडियम थायोसल्फेटचे असतात. पूर्वी फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणत तेच हे. रोज पेटीतले पाचवा हिस्सा पाणी काढून तितकेच शिळवलेले पाणी घातले. सगळे पाणी एकदम कधीच नाही. आणि शिक्षिकाबाईंच्या ओळखीच्या एका घरी जुनी, निरोगी पेटी होती, तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणला. दह्याला विरजण लावतात तसे हे जंतूंचे विरजण. स्पंज मळला तर तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता हलवून धुवायचा. साबण नाही, नळाची धार नाही.

अमोनियाची परीक्षा करण्याचे थेंब दुकानात मिळतात, ते मागवले. बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. रंग पिवळा राहिला तर ठीक; हिरवा झाला तर अमोनिया आहे. कार्यवाहबाईंनी पाहिल्या त्या बाटल्या ह्याच. पहिल्या दिवशी रंग गर्द हिरवा. रोज थोडा उतरत गेला. पाचव्या आठवड्यात पिवळा. त्या दिवशी आम्ही आजी-नातवाने शिरा केला.

आता आपल्या भागाचे म्हणून काही विशेष सांगते. आपल्याकडे काळ्या खडकातले बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरे पापुद्रे धरतात, ते हेच. असे पाणी बहुधा अल्कधर्मीही असते. पाण्याचा सामू सातावरून आठावर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग आठ-दहा पट वाढतो. पाणी तापले तर आणखी वाढतो. म्हणून दुसऱ्या गावी जी चूक खपून जाते ती येथे खपत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात. वीज गेली की पंपही बंद. अशा वेळी तांब्याने पेटीतलेच पाणी वर उचलून धार धरून पुन्हा आत सोडावे. दर थोड्या वेळाने पाच मिनिटे केले तरी पुष्कळ. पेटी पश्चिमेच्या खिडकीपाशी किंवा पत्र्याखाली ठेवू नये.

जड पाणी गोड करण्याच्या खटपटीत पडू नये. त्यापेक्षा पाण्याला मानवेल असा मासा पाळावा. गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे जड पाण्यात मजेत राहतात. आरोग्य खात्याची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी साठ्याच्या पाण्यात सोडतात तोच हा गप्पी. मात्र घरचे मासे नदीत किंवा तळ्यात सोडून देऊ नयेत. ते बाहेरचे आहेत, आपल्या मुलखातल्या माशांना त्यांचा त्रास होतो. सोनेरी माशालाही जड पाणी चालते, पण तो वाढतो आणि फार घाण करतो. पन्नास लिटरांत एकच पुरे. आम्ही आठ ठेवले होते!

कुठे बिघडले ते ओळखण्याच्या चार खुणा सांगते. नवी पेटी दुधाळ झाली तर घाबरून सगळे पाणी ओतू नका. खाणे कमी करा, थोडे थोडे पाणी बदला, ते आपोआप निवळते. पाणी हिरवे झाले तर ऊन जास्त लागते आहे, पेटी हलवा. पाणी बदलल्याच्या दिवशीच मासे तडफडले तर क्लोरिन, नाहीतर नवे पाणी फार थंड किंवा फार गरम. मासे सारखे वर येऊन धापा टाकत असतील तर ती भूक नव्हे. प्राणवायू कमी आहे, नाहीतर अमोनिया किंवा नायट्राइट वाढले आहे. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरले की रक्त तांबूस-तपकिरी होते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, भगिनींनो. कारण माझी गोष्ट येथे संपत नाही. खरी गोष्ट आता सुरू होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी भावजय माहेरच्या गावाहून आली. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झाले, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. आमच्या वहिनी त्या पाचांतल्या एक. त्यांच्याजवळ तपासणीची पेटी होती. माझ्या बाटल्या पाहून त्या म्हणाल्या, "वन्सं, माशांचे पाणी तपासता, आणि तुमचे?" गमतीगमतीत त्यांनी नळाचे पाणी तपासले, मग बोअरचे. नळाचे ठीक निघाले. बोअरच्या बाटलीत नायट्रेटचा रंग असा गर्द गुलाबी आला की वहिनींचे हसणे थांबले. त्यांनी पुन्हा करून पाहिले. तोच रंग. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे आपल्या देशाचे मानक सांगते. आमचे त्याच्या बरेच वर होते.

आमच्या घरात तेव्हा दोन महिन्यांची नात होती. सूनबाईंना दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून भुकटीचे दूध चालू होते. ज्या दिवशी नळ नसे त्या दिवशी मी ते बोअरच्या पाण्यात कालवीत असे. चांगले वीस मिनिटे उकळून! मला वाटे, आपण किती काळजी घेतो.

शिक्षिकाबाईंकडे धावत गेले. त्यांनी सांगितले ते ऐकून माझे हातपाय गार पडले. नायट्रेट उकळल्याने जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. तुरटीने जात नाही, ब्लीचिंग पावडरने जात नाही, कपड्याने गाळून जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसाला ते एकदम बाधत नाही. पण तान्ह्या मुलाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, आणि माशाच्या रक्ताचे जे होते तेच बाळाच्या रक्ताचे होते. ओठ आणि नखे निळी पडतात. 1945 साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात डॉक्टर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांत हा आजार प्रथम ओळखला.

त्याच दिवशी नातीला डॉक्टरांकडे नेले. देवाची कृपा, तिला काही झाले नव्हते. बाळाच्या दुधाला त्या दिवसापासून फक्त नळाचे पाणी. त्यासाठी स्वतंत्र हंडा आहे आणि त्याला दुसरे कोणी हात लावीत नाही. बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला. निकाल तोच आला. मग कारण शोधले. बोअरपासून दहा-बारा पावलांवर आमचा जुना शोषखड्डा आहे. वर्षानुवर्षे जे जमिनीत जिरवले ते खालून बोअरमध्ये येत होते. काचेच्या पेटीत जे तीन आठवड्यांत झाले तेच अंगणात तीस वर्षांत झाले. आत येणाऱ्या घाणीला बाहेर जायला वाट नव्हती. आता ते पाणी धुण्याभांड्यांना आणि झाडांना, पिण्याला नाही.

आमचे मासे ह्या नायट्रेटने मेले नव्हते. ते मेले आमच्या अज्ञानाने. पण ते मेले नसते तर मी बाटल्या मांडल्या नसत्या, आणि वहिनींनी बोअरचे पाणी तपासले नसते. एवढेच मला म्हणायचे आहे. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते यावरून ते चांगले ठरत नाही. माझी लखलखीत पेटी सर्वांत घातक होती, आणि माझा उकळलेला हंडा त्याहून.

आपल्या बीडची खजाना विहीर निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. जमिनीखालच्या बोगद्यांतून तीत पाणी येते आणि बोगद्यानेच शेतांकडे निघून जाते. पाण्याला यायची वाट हवी आणि जायचीही वाट हवी, हे त्या बांधणाऱ्यांना कळले होते. आपण बोअर पाडतो तेव्हा येणारे पाणी पाहतो, जाणारे पाहत नाही.

आता तो राहिलेला हिशोब. पेटीतून आठवड्याला दहा लिटर पाणी निघते, म्हणजे अर्धी बादली. ते मोरीत जात नाही. त्यात नायट्रेट असते, म्हणून ते तुळशीला आणि कढीपत्त्याला जाते. त्या झाडांना पूर्वीही तेवढे पाणी लागतच होते. ते आता माशाकडून फिरून येते एवढेच. टँकर लागण्याची वेळ आली तर मासा शिक्षिकाबाईंच्या ओळखीच्या घरी जाईल, असे नातवाने स्वतः ठरवले आहे. कुजबूज करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे उत्तर पटेल अशी आशा आहे. पटले नाही तर तिने घरी यावे, कढीपत्ता घेऊन जावा.

मंडळापुढे माझी एकच सूचना आहे. आपण दरवर्षी वर्धापनदिनाला काही ना काही खरेदी करतो. यंदा पाणी तपासण्याची एक पेटी घ्यावी. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळा लागताना, प्रत्येक सभासदाच्या घरचे बोअर किंवा विहीर तपासावी. ज्या घरी तान्हे मूल आहे किंवा सून दिवसांची आहे त्या घरापासून सुरुवात करावी. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा. बाटल्या धरायला मी आहे, रंग वाचायला माझा नातू आहे.

तो पांढऱ्या ठिपक्याचा मासा अजून आहे. पाणी किंचित पिवळसर दिसते, खड्यांवर थोडे शेवाळ आहे. पाहुण्या बाया म्हणतात, "एवढ्या टापटिपीच्या घरात ही पेटी का नाही घासत?" मी म्हणते, "बसा, चहा घ्या, सांगते."